सेकंदाला सहा की आठ?

घरात आजोबांचं जुनं चावीचं घड्याळ असेल, तर ते शोधून काढा. बहुतेक कपाटाच्या आतल्या कप्प्यात एखाद्या रिकाम्या डबीत पडलेलं असेल. आधी विचारून घ्या. मग दोन बोटांत चावी धरून हळूहळू पंधरा-वीस वेळा फिरवा आणि घड्याळ थेट कानाला लावा.

ऐकू आलं? भिंतीवरचं सेलचं घड्याळ सेकंदाला एकदा टिक् करतं आणि गप्प बसतं. हे मात्र दम न खाता टिकटिकत राहतं, इतकं भरभर की मोजायला गेलं तर आकडे तोंडातच अडखळतात. घड्याळ एचएमटीचं असेल तर एका सेकंदात पाच टिक् होतात. आज वाशीच्या मॉलमध्ये काचेआड दिसणारं साधं जपानी ऑटोमॅटिक सेकंदाला सहा वेळा टिकटिकतं, आणि पलीकडच्या काउंटरवरचं स्विस बहुतेक वेळा आठ.

पाच, सहा, आठ. यांत्रिक घड्याळ घ्यायला गेलं की मोठ्या माणसांत हमखास एक वाद होतो, "मशीन जपानी घ्यायचं की स्विस?" त्या वादाचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे. (घड्याळाच्या पोटातल्या यंत्राला जाहिरातीत मूव्हमेंट म्हणतात. दुकानात आणि दुरुस्तीच्या टेबलावर त्याला मशीनच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.)

आता मशीन उघडून बघू. हे काम घरी करायचं नाही, घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांना विनंती करायची. काका डोळ्याला भिंग लावतात, मागचं झाकण काढतात, आणि तुमची नजर एकाच ठिकाणी खिळते. बाकी सगळी चाकं जागच्या जागी थांबल्यासारखी दिसतात, पण कडेला एक चकचकीत चाक अर्धवट इकडे, अर्धवट तिकडे असं वेड्यासारखं गरगरत असतं. हे बॅलन्स व्हील. त्याच्या मधोमध केसाहून बारीक पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. चाक एका बाजूला गेलं की स्प्रिंग त्याला परत ओढते, ते जोरात येऊन दुसऱ्या बाजूला जातं, स्प्रिंग पुन्हा ओढते. गंमत अशी की चाक थोडं फिरो की जास्त, एका फेरीला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. १६७५ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने अशी स्प्रिंग बसवलेलं घड्याळ जगापुढे आणलं. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचं म्हणणं होतं की ही कल्पना आधी माझीच! त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं.

चाकाला हलतं ठेवायला ताकद कुठून येते? चावी देताना आपण आतल्या डबीत एक लांबलचक पोलादी स्प्रिंग गुंडाळत असतो. ती उलगडायला धडपडते आणि दात्यांची चाकं ढकलते. मोकळी सोडली तर ती काही क्षणांत सगळी ताकद उधळून टाकेल. म्हणून वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो, दोन हातांचा छोटासा लिव्हर. बॅलन्सची एक फेरी झाली की हा लिव्हर शेवटच्या चाकाचा एकच दात सोडतो आणि लगेच पुढचा अडवतो. दात लिव्हरवर आपटतो, तोच तुमचा टिक्. सेकंदाला आठ टिक् म्हणजे दिवसाला ६,९१,२०० वेळा सोडणं आणि अडवणं. सहाचं मशीन हेच ५,१८,४०० वेळा करतं आणि आजोबांचं एचएमटी ४,३२,००० वेळा.

एवढी आपटाआपटी झाल्यावर पोलाद झिजणार नाही का? झिजलंच असतं, म्हणून तिथे माणिक बसवतात. हो, खरंखुरं माणिक! तबकडीवर "१७ ज्युवेल्स" असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते सतरा खडे हेच. पाच बॅलन्सपाशी, चार लिव्हरपाशी, आणि उरलेले आठ इतर चार चाकांच्या आसांखाली दोन-दोन. दागिन्यातल्या माणकाचा आणि यांचा पदार्थ एकच, फक्त हे खाणीतले नसून भट्टीत बनवलेले. ऑग्युस्त व्हर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ती रीत जाहीर केली आणि माणिक स्वस्त झालं. ऑटोमॅटिक घड्याळात भाग जास्त, म्हणून खडेही जास्त. सेइको या जपानी कंपनीच्या एनएच ३५ या मशीनमध्ये २४ आणि ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४ या प्रसिद्ध मशीनमध्ये २५ असतात. दुकानदाराने "यात एक ज्युवेल जास्त आहे" असं सांगितलं तर फार भुलू नका. एका खड्याने घड्याळ चांगलं ठरत नाही.

मग चांगलं कशाने ठरतं? आता खरी मजा आहे.

सकाळच्या गर्दीत हार्बर लोकलमध्ये उभं राहिलेल्या एखाद्या ताईचा हात डोळ्यांसमोर आणा. नेरूळहून निघाल्यापासून गाडी हिसके देतेय, धक्के बसतायत. प्रत्येक हिसक्याने बॅलन्सची लय किंचित बिघडते. जो बॅलन्स भरभर हलतो तो आपली लय लवकर सावरतो, हिसक्याचा परिणाम त्याच्यावर कमी टिकतो. स्विस कारागिरांनी आठचा वेग धरला तो यासाठी. पण वेग फुकट मिळत नाही. स्प्रिंगची ताकद जास्त खर्च होते, घासणं जास्त, तेलावर ताण जास्त. म्हणून भाग जास्त तंतोतंत घडवावे लागतात आणि ठरावीक वर्षांनी सर्व्हिसिंग चुकवून चालत नाही. जपानी कंपन्यांनी रोजच्या वापराच्या मशीनसाठी सहाचा वेग पसंत केला. थोडी अचूकता गेली तर गेली, पण मशीन शांतपणे वर्षानुवर्षं चालावं, आणि ते यंत्रांवर लाखोंनी तयार करता यावं.

या दोन वेगळ्या सवयी अगदी छोट्या भागांतही दिसतात. ऑटोमॅटिक घड्याळाच्या मागे काच असेल तर आत एक अर्धगोल जड पट्टा दिसतो. हात हलला की तो फिरतो आणि आपोआप चावी बसते. पण हात तर दोन्ही बाजूंना हलतो आणि स्प्रिंग मात्र एकाच दिशेने गुंडाळायची! ईटीएच्या मशीनमध्ये यासाठी दोन खास चाकं असतात, त्यांच्या पोटात चिमुकले खटके. पट्टा कुठेही फिरला तरी पुढचं चाक एकाच दिशेने फिरतं. सेइकोने १९५९ मध्ये याच कामासाठी दोन पायांची एक पट्टी बसवली आणि तिला नाव दिलं मॅजिक लिव्हर. जड पट्टा एका बाजूला गेला की एक पाय चाकाला ढकलतो, उलट गेला की दुसरा पाय तेच चाक ओढतो. दोन्ही वेळा चाक फिरतं एकाच बाजूला. इतके कमी भाग, इतकं सोपं काम! मला ती पट्टी यंत्रशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. सिटिझन कंपनीच्या मियोटा ८२१५ या मशीनने तर त्याहून सोपं केलं, पट्टा एका बाजूला फिरला तरच चावी बसते आणि उलट बाजूला तो नुसताच गरगरतो. असं घड्याळ हातात धरून हलवलंत तर ती गरगर बोटांना जाणवते.

उलट, वेळ जुळवायच्या जागी स्विस मशीन बघा. ईटीए २८२४ मध्ये बॅलन्सजवळ एक इवलासा स्क्रू असतो. निष्णात कारागीर तो किंचित फिरवून घड्याळ दिवसाला एखाद-दोन सेकंदांनी पुढे-मागे करू शकतो. सेइकोच्या साध्या मशीनमध्ये असा स्क्रू नाही, छोटी दांडीच हलक्या हाताने सरकवायची. स्विस मशीन हे असं, निष्णात हातांची वाट बघणारं. जपानी मशीनला फारसा हात लावावा लागू नये हीच अपेक्षा.

आणि अचूकता? सेइको आपल्या साध्या मशीनबद्दल सांगते की ते दिवसाला फार तर २० सेकंद मागे पडेल किंवा ४० सेकंद पुढे जाईल. प्रत्यक्षात बरीच घड्याळं याहून पुष्कळ चांगली चालतात. स्विस घड्याळाला "क्रोनोमीटर" म्हणवून घ्यायचं असेल तर त्याची तपासणी एका स्वतंत्र संस्थेत होते आणि तिथे सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा मिळते. मधलं एखादं बरं घड्याळ दिवसाला १० सेकंद चुकलं असं धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. वाशीचा खाडीपूल सुमारे १.८ किलोमीटर लांब आहे. तो मोजताना तुमची चूक वीतभरच व्हावी, तेवढीच ही चूक. सेल नाही, वीज नाही, नुसती स्प्रिंग आणि दाते, आणि तरी एवढं बरोबर!

आता तुम्हाला वाटेल की स्विस फार पुढचे आणि जपानी जरा मागचे. एक गोष्ट ऐका. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलच्या वेधशाळेत घड्याळांच्या अचूकतेची स्पर्धा भरत असे. १९६४ मध्ये सेइकोने तिथे पहिल्यांदा मनगटी घड्याळं पाठवली आणि त्यांच्या सर्वोत्तम घड्याळाचा नंबर आला १४४वा. गप्प बसून त्यांनी काम केलं. १९६७ साली सेइकोचेच दोन कारखाने, जे एकमेकांशीही चुरस करत, कंपन्यांच्या यादीत दुसरे आणि तिसरे आले. तीन वर्षांत! आजही सेइकोच्याच घरातल्या ग्रँड सेइको घड्याळांची तपासणी क्रोनोमीटरपेक्षा जरा कडकच असते, ३ सेकंद मागे ते ५ सेकंद पुढे. त्यांची काही मशीनं सेकंदाला दहा टिक् करतात. आणि तिकडे ईटीएने काय केलं? टिसो वगैरे घड्याळांत बसणारं पॉवरमॅटिक ८० हे मशीन आठवरून चक्क सहावर आणलं, म्हणजे एकदा पूर्ण चावी बसली की घड्याळ ८० तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच!

आपल्याकडे हे दोन्ही देश फार आधीपासून मनगटावर आहेत. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ मध्येच मुंबईत आली, सुएझचा कालवा उघडायला तेव्हा अजून चार वर्षं होती. तिचं "सी किंग" पुढे घरोघरी ओळखीचं झालं. वेस्ट एंड वॉच कंपनीही एकोणिसाव्या शतकात मुंबईत घड्याळं विकू लागली. या कंपनीची एक गोष्ट मला फार आवडते. बॅलन्सच्या आसाची टोकं इतकी बारीक असतात की घड्याळ फरशीवर पडलं की ती मोडतात. म्हणून माणकाचे खडे एका नाजूक स्प्रिंगखाली बसवायची युक्ती निघाली. धक्का बसला की खडा जरा सरकतो, आस वाचतो आणि सगळं परत जागेवर येतं. या स्विस युक्तीचं नाव इन्काब्लॉक, आणि ती १९३० च्या दशकात सगळ्यात आधी वापरणाऱ्यांत ही वेस्ट एंड होती. म्हणजे पडूनही न बिघडणारं घड्याळ ज्यांना जगात सुरुवातीला मिळालं, त्यांत आपल्याकडची माणसं होती.

मग १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीने घड्याळांचा कारखाना काढला, तो जपानच्या सिटिझनच्या मदतीने. आजोबांच्या "जनता" घड्याळाच्या तबकडीवर भिंग धरा. ज्युवेल्सच्या जवळ "पॅराशॉक" असा शब्द छापलेला सापडेल. ती सिटिझनची धक्का झेलायची युक्ती. १९५६ मध्ये सिटिझनने लोकांसमोर हेलिकॉप्टरमधून घड्याळं खाली टाकून ती दाखवली होती! जनतेची एक तबकडी तर देवनागरी आकड्यांची होती, ती दिसली तर मला हेवा वाटेल. नवी मुंबई वसवणारं सिडको १९७० मध्ये स्थापन झालं आणि वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. त्या सुरुवातीच्या वर्षांत खाडी ओलांडून इथे राहायला आलेल्या पुष्कळ आजोबा-काकांच्या मनगटावर एचएमटी होतं, म्हणजेच जपानी घराण्यातलं मशीन. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळं बनवणं बंद करायचा निर्णय घेतला, पण मशीनं अजून टिकटिकतायत, आणि जुने सुटे भागही मिळतात.

तर घ्यायचं काय? मला विचाराल तर पहिलं यांत्रिक घड्याळ जपानी घ्यावं, किंवा घरातलं एचएमटी साफ करून वापरावं. ते पडतं, घामात भिजतं, कधीकधी विसरलं जातं, आणि तरी चालतं. सर्व्हिसिंगचा खर्चही आवाक्यात राहतो. स्विस घड्याळ त्याने घ्यावं ज्याला ते जपायला आवडेल, आणि ज्याच्या ओळखीत चांगला कारागीर आहे. खरेदीला जाल तेव्हा तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या आकड्याखाली वाचा. तिथे "स्विस मेड" असेल तर मशीन स्विसच असतं, जुळवणी स्वित्झर्लंडमध्ये झालेली असते आणि घड्याळ बनवण्याच्या खर्चातला निदान ६० टक्के भाग तिथला असतो, तसा तिथला कायदाच आहे. "जपान मूव्हमेंट" लिहिलं असेल तर जपानी आहे फक्त मशीन, बाकीचं घड्याळ कुठलंही असू शकतं, आणि ते मशीन सेलवर चालणारंही असू शकतं. सेकंद काटा थांबून थांबून एकेक पाऊल टाकतोय की सरकत जातोय ते बघा, लगेच कळेल.

जुन्या घड्याळांच्या बाबतीत आणखी सावध राहा. मुंबईच्या बाजारातून जुनी स्विस आणि जपानी घड्याळं भडक रंगांच्या नव्या तबकड्या रंगवून, दहा घड्याळांचे भाग जोडून विकली जातात. जगभरातले घड्याळांचे शौकीन त्यांना "मुंबई स्पेशल" म्हणून ओळखतात. पन्नास वर्षांचं घड्याळ आणि तबकडी कालच्यासारखी कोरी, अक्षरं जराशी वाकडी, असं दिसलं की ओळखायचं.

आपल्या हवेत दोन गोष्टींची काळजी हवी. पावसाळ्यात खाडीकाठची दमट हवा आत शिरू नये म्हणून चावी नेहमी पूर्ण आत दाबलेली हवी, नाहीतर पोलाद गंजतं. उष्णतेची फारशी चिंता नको. पूर्वी साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग गरमीत ढिली पडायची आणि घड्याळ मागे पडायचं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शार्ल ग्योम यांनी निकेल मिसळलेल्या पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की ती अडचण जवळपास संपली. त्यांना १९२० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरी काळजी लोहचुंबकाची. स्पीकर, टॅबचं चुंबकी कव्हर, हेडफोनची डबी यांच्याशेजारी घड्याळ ठेवलं की हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू लागतात आणि घड्याळ अचानक मिनिटांनी पुढे पळतं. शंका आली तर साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई घड्याळाकडे ओढली जाऊन जोरात डगमगली तर चुंबकत्व आलंय समजा. काका ते दोन मिनिटांत काढून देतात.

आता तुमचं काम. घरातल्या कोणाच्या मोबाइलवर स्लो मोशन असेल तर सेकंद काट्याचं चित्रीकरण करा. मोबाइल सेकंदाला २४० चित्रं टिपत असेल, तर सहाच्या मशीनचा काटा दर ४० चित्रांनी एक उडी मारताना दिसेल, आठच्या मशीनचा दर ३० चित्रांनी आणि आजोबांच्या एचएमटीचा ४८ चित्रांनी. सरकत जाणारा काटा खरंतर छोट्या छोट्या उड्या मारत असतो, ते तुमच्या डोळ्यांनी दिसेल.

दुसरा प्रयोग चार रात्रींचा. रोज रात्री नऊ वाजता मोबाइलची वेळ आणि घड्याळाची वेळ यांत किती सेकंदांचा फरक आहे ते वहीत लिहा. भारताची प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, तुमचा मोबाइल जवळपास तीच दाखवतो. पहिल्या रात्री घड्याळ तबकडी वर करून ठेवा, दुसऱ्या रात्री तबकडी खाली, तिसऱ्या रात्री चावी वर येईल असं उभं, चौथ्या रात्री चावी खाली. आडव्या घड्याळात बॅलन्सचा आस टोकावर उभा राहतो, घर्षण कमी असतं. उभ्या घड्याळात तो कुशीवर टेकतो, घर्षण वाढतं आणि चाल बदलते. पाचव्या दिवशी वही उघडून बघा, कुठल्या बाजूला ठेवल्यावर घड्याळ पुढे जातं आणि कुठल्या बाजूला मागे पडतं. दिवसभरात सात सेकंद पुढे गेलं असेल, तर रात्री ज्या बाजूला ते मागे पडतं तसं ठेवा, सकाळपर्यंत बरंचसं परत जागेवर येईल. हे जपानी मशीनला चालतं, स्विसला चालतं, आणि एचएमटीलाही.